देवाची वायर

डॅशबोर्डवरचे दिवे पहिल्यांदा लुकलुकले तेव्हा गाडी बायको चालवत होती आणि मी शेजारी बसून प्रत्येक वळणावर "सांभाळून" म्हणत होतो. दिवाळी होऊन गेली होती, अंधार लवकर पडत होता. पांढरकवड्याहून आत, जंगलाच्या अंगाला असलेल्या एका गावाहून आम्ही परतत होतो. नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल, ओलांडताना गाडी डावीकडे कलली आणि मीटरचे सगळे दिवे गेले, आले, पुन्हा गेले. काटे शून्यावर पडले, मग दचकून वर आले. हेडलाइट शाबूत होते, इंजिनही चालू होते. बायकोने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चावी काढून माझ्या हातात ठेवली.

"तुमी चालवा."

"काही झालेलं नाही. हेडलाइट चालू आहेत."

"मले बाहेरच्याचं नाही, आतलं गेलं त्याचं भेव वाटते. उद्या एकटी असन तं काय करू?"

प्रश्न एकटीचाच होता. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. निवृत्ती दिसू लागली असताना तिला मुख्याध्यापकपदाची बढती आली, ती त्या गावाला. तिथली एसटी शाळा सुटण्याआधीच परत फिरते. काळीपिवळी जीप आहे, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि फाट्यावर सोडून देते. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता वाघही वापरतो. बढती घेणार की नाकारणार, हे तिने सोमवारी साहेबांना सांगायचे होते. तिला ती हवी होती. मात्र स्वतः गाडी चालवत जाता आले तरच, असे तिने ठरवले होते आणि त्यासाठी पन्नाशी उलटल्यावर ड्रायव्हिंग स्कूलच्या पोरांच्या रांगेत उभी राहून परवाना काढला होता. त्याआधी मी शिकवून पाहिले होते. दोघांच्या संमतीने तो प्रयोग थांबवण्यात आला.

रोज मी सोडून देईन, असा प्रस्तावही मी मांडला होता. "अन् मंग दिवसभर तुमाले तिथं कुठं ठेवू?" असे तिने विचारले. शाळेत तशी सोय नव्हती.

म्हणून गाडीतला दोष शोधण्याचे काम मी अंगावर घेतले. माझी उभी नोकरी वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात गेली. ऐकीव गोष्ट छापायची नाही, दुसऱ्या सूत्राकडून खातरजमा करायची आणि सर्वांत आधी प्रत्यक्षदर्शीला गाठायचे, एवढे तीन नियम मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो. गाडीलाही तेच लावायचे ठरवले.

प्रत्यक्षदर्शी घरातच होती. तिचे म्हणणे मी एका वाक्यात घेतले: मीटरचे दिवे लुकलुकतात. ती पुढेही बोलत होती. गाडी डावीकडे कलली की जातात, सरळ रस्त्यावर जात नाहीत, कधी नुसता खड्डा पुरतो. हा तपशील मला लांबण वाटला आणि सवयीप्रमाणे मी तो कापला.

दुसरे सूत्र म्हणजे शेजारी. ते एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. "बॅटरी हाय. डोळे झाकून सांगतो," ते म्हणाले. त्यांनी ते खरोखरच डोळे झाकून सांगितले. ते अंगणात खाटेवर ऊन खात पडले होते.

मी बॅटरी उघडी केली. टर्मिनलवर हिरवट पांढरी भुकटी साचलेली दिसली तेव्हा मला जो आनंद झाला तो घोटाळ्याचा पुरावा हाती लागल्यावर होतो त्या जातीचा होता. स्वयंपाकघरातला खायचा सोडा, गरम पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन मी ती टर्मिनले चकचकीत केली. नट आवळले. बायकोने सोड्याचा डबा परत मागितला, तो मी परत दिला नाही, कारण त्यात ब्रश बुडवला होता.

मग चाचणी. भर दुपारी गाडी हैदराबादच्या महामार्गावर काढली. चार पदरी रस्ता, पोटातले पाणी हलणार नाही असा. दूरवर जाऊन आलो. एकही दिवा लुकलुकला नाही. घरी येऊन मी जाहीर केले की दोष सापडला असून तो दूर करण्यात आला आहे.

त्याच संध्याकाळी बायकोने गाडी रपट्यावर नेली. दिवे गेले, आले, गेले. वर्तमानपत्र आपली चूक आतल्या पानावर, बारीक टायपात छापते. घरात तशी सोय नसते. "बॅटरीच होती ना?" तिने मोठ्या आवाजात विचारले. शेजाऱ्यांच्या खाटेची करकर ऐकू आली.

पुढचे दोन दिवस मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातला एक गृहस्थ हिंदीत फार खात्रीने बोलत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे असा दोष बहुतेक वेळा आल्टरनेटरमध्ये, नेमके सांगायचे तर व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये असतो. हा शब्द मला आवडला. मी तो जेवताना वापरला, शेजाऱ्यांशी बोलताना वापरला आणि शुक्रवारी महामार्गालगतच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली तेव्हा दार उघडण्याआधीच वापरला.

इलेक्ट्रिशियनचे दुकान म्हणजे ट्रकच्या गॅरेजांच्या ओळीतले एक कडुलिंबाचे झाड. बसायला एसटीचा जुना बाक. त्याचे बहुतेक गिऱ्हाईक ट्रकवाले. आमच्यासारख्या लहान गाड्या तो मधल्या वेळात पाहतो.

"काय त्रास हाय, पत्रकार भाऊ?"

"व्होल्टेज रेग्युलेटर गेलाय."

"तुमीच सांगून राह्यले तं मंग मी काय करू? चहा सांगू?"

त्याने बॅटरीला मीटर लावला, इंजिन चालू करायला लावले, रेस द्यायला लावली. आल्टरनेटर किती चार्ज करतो तो आकडा पाहिला. "डायनामो मस्त हाय भाऊ. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त चार्जिंग हाय त्याच्यात."

दोन दिवस सांभाळलेला शब्द मी तिथेच सोडून दिला.

मग त्याने चपला काढल्या, गाडीत शिरला आणि काम सुरू करण्यापूर्वी डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडले. हा गणपती तळहातावर मावेल एवढा. पाठीमागे प्रभावळीत दिवा असलेला. दसऱ्याला यवतमाळच्या एका सजावटीच्या दुकानातून बायकोने आणला होता आणि दुकानातल्या माणसानेच तो बसवून, वायर आत सोडून दिली होती. चावी फिरवली की देवामागे दिवा लागे. रस्ता खराब असला की तो लुकलुके. लुकलुकणाऱ्या मूर्ती बाजारात मिळतातच. आमची त्यातली असे मी धरून चाललो होतो. मागे बसलेल्या एका पाहुण्याला मी ते खास दाखवलेही होते.

इलेक्ट्रिशियनने मीटरची चौकट काढली, मागचे जोड सोडवले, फवारा मारून पुसले, परत बसवले. मग पाठीवर झोपून डोके डॅशबोर्डखाली घातले. मी टॉर्च धरला. त्याचा हात एकेका वायरीवरून सरकत मधोमध आला, थोडा थबकला आणि मूर्तीची बाजू सोडून पलीकडे गेला.

"तिकडचं पाहायचं नाही का?" मी विचारले.

"तिकडं देव हाय ना." तो आतूनच बोलला. "ट्रकमंदी काय काय असते भाऊ. देव असते, दर्ग्याची चादर असते, लिंबू असते, एकाच्या ट्रकात तं मायच्या लुगड्याचा तुकडा हाय. आपला एक नियम हाय. ड्रायव्हर ज्याले हात जोडते त्याले आपण हात लावत नाही. उद्या काही झालं तं म्हणन, यानंच हालवलं."

हे वाक्य मला फार आवडले. एखाद्या लेखाचा शेवट करावा असे ते होते. ते मनात नीट बसवण्याच्या नादात, मग तिकडचे कोण पाहणार, हा पुढचा प्रश्न विचारायचा राहिला, आणि तो प्रश्न सोडून त्या दिवशी विचारण्यासारखे दुसरे काही नव्हते.

"आपल्या हिशोबानं गाडी ओके हाय," त्याने बाहेर येऊन सांगितले. झाडाखाली उभ्या गाडीत एकही दिवा हलत नव्हता. घरी जाताना नगरपालिकेने पाइपासाठी उखडलेल्या गल्लीत सगळे हलले.

शनिवारी संध्याकाळी बायको मेथी निवडत होती. "सोमवारी नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हते. "इथंच वर्गावर राहीन. तुमच्यावर नाही टाकत मी. पन गाडीनं त्या रस्त्यात दगा देल्ला तं मी काय करीन? मले काटाच नाही दिसला तं किती जोरात चालली ते बी नाही समजत."

मी पर्याय सुचवला: मीटरसमोर एक छोटा सेलवरचा दिवा चिकटवता येईल, म्हणजे आतला दिवा गेला तरी काटे दिसतील. तिने निवडायचे थांबून माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा निवडू लागली. काटेही पडतात हे माझ्या लक्षात आले, पण तेव्हा वाक्य बोलून झाले होते.

गावातल्या शाळा समितीच्या लोकांनी तिच्या भरवशावर बरेच काही योजले होते. फोनवर नकार देणे तिला बरे वाटेना. रविवारी दुपारी समक्ष जाऊन सांगायचे ठरले. चावी शुक्रवारपासून माझ्याकडेच होती. त्यामुळे मी उजवीकडे बसलो आणि ती डावीकडे.

कापसाच्या गाड्या जाऊन बाभळींच्या काट्यांना पुंजके अडकले होते, रस्ताभर ती ते पाहत होती. रपटा आला. गाडी कलली, दिवे गेले, काटे पडले, परत आले. मी वेग न बदलता पुढे निघालो. आता या गोष्टीची मला सवय झाली होती.

"थांबा," ती म्हणाली. "मागं घ्या."

"काय झालं?"

"रपट्यावरून पुन्हा न्या."

मी मागे घेतली, पुढे नेली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. बकऱ्या घेऊन चाललेला एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. "काई पडलं काय पाण्यात?" त्याने विचारले. नाल्याला पाणी नव्हते.

"देव लुकलुकला," बायको म्हणाली.

"तो लुकलुकणाराच आहे."

"कोनं सांगतलं?"

माझ्याकडे सूत्र नव्हते.

"मी घेतला ना तो," ती म्हणाली. "दुकानात किती वेळ समोर जळून राह्यलता, एकदा बी नाही लुकलुकला. लुकलुकनारा बाजूले होता, तो मी मुद्दाम नाही घेतला. देव काय झपझप करते? अन् पाहा, मीटर जाते तवाच तो जाते. दोघं संगच."

मी पुन्हा एकदा रपट्यावरून नेली, या वेळी मूर्तीकडे पाहत. दोघे संगच गेले, संगच आले. कित्येक दिवस हे माझ्या नाकासमोर, वीतभर अंतरावर चालू होते.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मले कसं दिसन? गाडी चालवताना देवाकडे नाही, रस्त्याकडे पाहावं, हे कोनं शिकवलं?"

मी शिकवलेल्यापैकी तिने पाळलेली ती एकच गोष्ट होती.

गावात जायचे राहिले. गाडी वळवून आम्ही सरळ इलेक्ट्रिशियनकडे आलो. ट्रकला रविवार नसतो, म्हणून त्यालाही नव्हता. बायकोने त्याला सगळे सांगितले: कुठल्या बाजूला कलते, काय आधी जाते, काय सोबत जाते. मी कापलेला मजकूर तिने जसाच्या तसा वाचून दाखवावा तसे ते होते. तो ऐकत राहिला.

"असं असन तं देवाची वायर पाहा लागते," तो म्हणाला.

मग कोणीच हलले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. मी अंधश्रद्धेच्या विरोधात अग्रलेख लिहिलेला माणूस, हात खिशात घालून बायकोकडे पाहू लागलो.

"पानी द्या थोडं," ती म्हणाली. हात धुतले. पर्समधून कुंकवाची डबी काढली. शेजारच्या चहावाल्याकडून चिमूटभर साखर मागवून देवासमोर ठेवली, अक्षतांच्या जागी तिथलीच थोडी साखर वाहिली आणि म्हणाली, "देवा, थोडा वेळ उठा. काम हाय." विसर्जनाआधी घरचा गणपती जागेवरून किंचित हलवतात तसा तिने मूर्तीला हात लावला. मूर्ती हलली नाही. देवाने आसन सोडले असेल, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने सोडले नव्हते.

इलेक्ट्रिशियनने पतंगाचा नायलॉन दोरा दिला. "याच्यानं करवतीसारखं कापा ताई. स्क्रू-ड्रायव्हर नोका लावू देवाले." दोरा मूर्तीखालून ओढत ओढत तिने टेप कापली. मूर्ती सुटली तशी पदरात घेऊन ती गाडीत तशीच बसून राहिली, कारण वायर अजून लागलेली होती.

आता त्याचा हात मोकळा झाला. डॅशबोर्डची मधली झाकणी उघडून त्याने आत टॉर्च मारला. देवाच्या दोन वायरी खाली गेल्या होत्या. त्यातली काळी एका स्क्रूखाली खुपसलेली होती. तोच स्क्रू मीटरची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला धरून ठेवत होता. दुकानातल्या माणसाने स्क्रू ढिला करून देवाची वायर त्यात अडकवली होती आणि मग तो पुरता आवळलाच नव्हता. इलेक्ट्रिशियनने तो बोटाने फिरवून दाखवला. तो फिरत होता. त्याबरोबर मीटरचे दिवे जात-येत होते, आणि बायकोच्या पदरात गणपतीही.

"मी परवा इथंवर आलतो," तो म्हणाला. "देवाची वायर दिसली, हात मागं घेतला."

टॉर्च मीच धरला होता, हे कोणी बोलून दाखवले नाही.

त्याने स्क्रू काढला, पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने घासला, नवा वॉशर टाकून मीटरची वायर एकटीच आवळली. मग देवाच्या वायरी हातात घेऊन विचार करू लागला.

"देव घरी नेऊ का?" बायकोने विचारले.

"कायले? देवाले सेपरेट लाइन देतो. शेतीचा फिडर अलग, गावाचा फिडर अलग, तसं. त्याचा त्याले फ्यूज."

"आणि आता लुकलुकला तर?" मी विचारले.

"आता लुकलुकला तं देवच लुकलुकन, भाऊ. मॅडमचं मीटर त्याच्यात नाही येत."

नवी टेप लावून तिने मूर्ती बसवली. झाडाखाली आम्ही गाडी हलवून पाहिली. तिघांनी मिळून, बैल उठवतात तशी, बाजूंनी ढकलून. दिवे स्थिर राहिले. पण झाडाखाली ते शुक्रवारीही स्थिरच होते. बायकोने माझ्यापुढे हात केला. मी चावी दिली.

उन्हे उतरली होती. फाट्यापर्यंत मी डावीकडे बसून गेलो. फाट्यावर तिने गाडी थांबवली.

"उतरा."

"का?"

"दुकानापासून किती वेळा 'सांभाळून' म्हनलं ते मोजलं का? अन् पुढं एकटीच असन ना. मले एकटीनंच पाहा लागन."

मी उतरलो. गाडी जंगलाच्या बाजूला गेली. तिचे मागचे लाल दिवे वळणापर्यंत दिसले, मग झाडे दिसली.

फाट्यावर एक चहाची टपरी आणि एक काळीपिवळी होती. काळीपिवळीचा ड्रायव्हर टपावर कापसाची बोचकी बांधत होता.

"कुठं जायचं काका?"

"कुठं नाही. मिसेस येताहेत."

"गावातून? कोन आनून राह्यलं त्यायले?"

"त्याच चालवताहेत."

"मंग तुमी काहून इथं?"

मी चहा मागितला. मोबाइल पाहिला, रेंज नव्हती. रपटा इथून किती लांब, तिला तिथे पोचायला किती वेळ, कलल्यावर दिवे गेले तर ती काय करेल, चावी काढून कोणाच्या हातात देईल, असे प्रश्न एकामागून एक येत होते आणि त्यातल्या एकाचीही खातरजमा करणे शक्य नव्हते. रस्त्यावरचा उजेड कमी होत होत फक्त आभाळात उरला. ड्रायव्हर बोचकी बांधून खाली आला, माझ्या शेजारी बसला. "येतीन ना," तो म्हणाला. "वाघ काई गाडी नाही थांबवत."

थोड्या वेळाने झाडांमध्ये उजेड हलला. हेडलाइट वळणावरून आले, आमच्या डोळ्यांवर पडले, खाली झाले. गाडी टपरीच्या थोडी पुढे जाऊन थांबली. मी धावत नाही, पण त्या वेळी जरा भरभर चाललो.

"रपट्यावरून चारदा नेली," काच खाली करून ती म्हणाली. "मुद्दाम डावीकडनं. काही नाही झालं."

"मग सोमवारी साहेबांना..."

"सोमवार काहून? गावात शाळेच्या ओट्यावर रेंज येते. तिथूनच लावला फोन. येते म्हनून सांगून टाकलं."

"रविवारी? साहेबांनी उचलला?"

"उचलला ना. त्यायची बायको हासून राह्यली होती मागं."

मी दार उघडले. पुढच्या सीटवर भला मोठा कोहळा ठेवलेला होता, गावात कोणीतरी नव्या बाईंना दिलेला. घरंगळू नये म्हणून तिने त्याला पट्टा लावला होता. मी पट्टा सोडायला हात घातला.

"राहू द्या त्याले," ती म्हणाली. "तुमी मागं बसा."

मी मागे बसलो. काळीपिवळीवाला खिडकीशी येऊन वाकला. "मॅडम, रोज जानार तुमी?"

"हो. सकाळी तीन सीटा रिकाम्या असतीन. शाळेचं लेकरू फाट्यावर उभं दिसलं तं घेईन."

"मंग आमचं कसं होईन वो?"

"तुमची कधी भरते, कधी निंगते!" ती म्हणाली. "घरी पोरगी असन तं आनून सोडा ना माह्या शाळेत. नाव घालते लगेच."

तो हसला, मग गंभीर झाला आणि मुलगी कितवीपर्यंत शिकली ते सांगू लागला. इंजिन चालूच होते. मुलीची शाळा का सुटली, तिला पुन्हा कुठल्या वर्गात बसवता येईल, हे बोलणे बराच वेळ चालले. मागच्या सीटवरच्या माणसाला त्यात कोणी काही विचारले नाही.